‘होल्ड’ म्हणजे नेहमीच ‘धरणे’ नव्हे



गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर एक आजी मोबाईल घेऊन आमच्याकडे आल्या. बँकेचा इंग्रजी निरोप होता, त्यात ‘होल्ड’ हा शब्द. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवाने अर्थ सांगितला होता: होल्ड म्हणजे धरणे. बँकेने आपले पैसे धरले, असे समजून आजींना रात्रभर झोप नव्हती. आम्ही निरोप नीट वाचला. त्यांनी भरलेला चेक अजून वटला नव्हता. तोवर ती रक्कम खात्यात दिसेल, पण काढता येणार नाही, एवढेच.

नातवाचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. शब्दकोशात पहिला अर्थ तोच आहे. सातपूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांना तर दोन्ही अर्थ एकाच छपराखाली भेटतात. लेथवरचा टूल होल्डर हत्यार घट्ट पकडतो. पण तयार मालाच्या पेटीवर ‘होल्ड’ची चिठ्ठी लागली, तर तिला हातही लावायचा नाही. निर्णय होईपर्यंत तो माल पासही नाही आणि नापासही नाही. परीक्षेच्या निकालातला ‘विथहेल्ड’ हा शब्द याच घरातला. निकाल राखून ठेवला आहे, मूल नापास झालेले नाही. मुलावर रागावण्यापूर्वी पालकांनी एवढे जरूर पाहावे.

फोनवर ‘होल्ड करा’ म्हटले की थांबायचे. मात्र सभा ‘होल्ड’ केली म्हणजे थांबवली नव्हे, भरवली! डबा पाच लिटर ‘होल्ड’ करतो म्हणजे त्यात तेवढे मावते.

आपले ‘धरणे’ही काही कमी नाही. नाशिककर गंगापूर धरणाचे पाणी पितात, कामगार गेटसमोर धरणे धरतात, आई उपास धरते, जावाजावा अबोला धरतात, पाऊस जोर धरतो. यातल्या बहुतेक ठिकाणी इंग्रजीत ‘होल्ड’ चालणारच नाही.

शुभवर्तमान वाचतानाही हा शब्द आडवा येतो. पुनरुत्थित प्रभू मरिया मग्दालियाला काय म्हणाले (योहान २०:१७)? १६११ च्या इंग्रजी भाषांतरात स्पर्शाची मनाई आहे. मग दहाच ओव्यांनंतर थोमाला हात लावून पाहायला का सांगितले, असा प्रश्न पडतो. अलीकडच्या अनेक इंग्रजी भाषांतरांत तेथे ‘होल्ड’ आहे: मला धरून राहू नकोस. मूळ ग्रीक क्रियापदात शिवणे आणि धरून राहणे, दोन्ही अर्थ बसतात.