एआरटी चालू असताना यकृताला सूज

प्रश्न : भावाची एचआयव्हीसाठी एआरटी चालू आहे. आता हिपॅटायटिस सी निघाला, एसजीपीटीही वाढलंय. कावीळ उतरवायला नेऊ का?
– एक वाचक, रोहा

उत्तर : कृपा करून नेऊ नका. झाडपाल्याच्या काढ्याने सुजलेलं यकृत आणखी बिघडू शकतं, आणि एचआयव्हीसोबत ‘सी’ असला की ते लवकर निबर होतं. आधी आरएनए चाचणी करा. कारण पहिल्या चाचणीत सापडणाऱ्या अँटिबॉडी जुन्या, बऱ्या झालेल्या संसर्गातही दिसतात. विषाणू सापडला तर सोफॉसबुवीर-डॅक्लाटासवीरने साधारण 12 आठवड्यांत बहुतेक जण पूर्ण बरे होतात. 2018 पासून राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं मोफत आहेत. पेण-रोहेकरांनी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. क्षयासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, त्याने या गोळ्यांचा असर उतरतो. हिपॅटायटिस बीही तपासा. दारू बंद. एआरटी मात्र मनाने थांबवू नका.