पाणबुडीचा आकार व पाण्याचा प्रवाह

पाण्यांतून वेगानें जावयाचें तर नौकेचें नाक तीक्ष्ण असलें पाहिजे, असा बहुतेकांचा समज असतो. पृष्ठभागावरून जाणाऱ्या जहाजापुरता तो खरा आहे. कारण लाटा उठविण्यांत त्याची पुष्कळ शक्ति खर्च होते. पण पाणबुडी खोल गेली कीं लाटांचा प्रश्न जवळजवळ उरत नाहीं. मग तिला अडवितें तें काय? एक, तिच्या सर्वांगाशीं होणारें पाण्याचें घर्षण. दुसरें, तिच्या पाठीमागें उठणारे भोवरे.

हे भोवरे कसे उठतात हें घरींच पाहतां येतें. पेटलेल्या मेणबत्तीपुढें पोस्टकार्ड उभें धरून समोरून फुंका. ज्योत विझत नाहीं. उलट कार्डाकडेच झुकते. कारण हवा कार्डाच्या कडांपाशीं सुटून मागें भोवरे करिते. आतां तेंच कार्ड वळवून, टोकें जुळवून थेंबासारखें करा, आणि गोल बाजू आपल्याकडे व धार ज्योतीकडे ठेवून फुंका. ज्योत आपल्यापासून दूर झुकेल. प्रवाह दोन्ही अंगांस लागून गेला व शेपटापाशीं पुन्हां एक झाला. पाण्याचेंही असेंच आहे. म्हणून पाणबुडीचें नाक गोल चालतें. शेपूट मात्र हळूहळू निमुळतें हवें. अंग फार लांबविलें तर घर्षण वाढतें, फार आखूड केलें तर भोवरे माजतात. लांबी जाडीच्या सुमारें सहा-सात पट असली म्हणजे एकंदर अडथळा कमींत कमी होतो.

आयर्लंडांत जन्मलेल्या जॉन हॉलंड या शाळामास्तरानें १८९७ सालीं अमेरिकेंत पाण्यांत सोडलेली पाणबुडी अशीच माशासारखी होती. परंतु पुढील पाणबुड्या बहुतेक वेळ पृष्ठभागावरच चालत, कारण त्यांच्या इंजिनांस हवा लागे. त्यामुळें त्यांस जहाजासारखें नाक, सपाट माथा, कठडे व तोफा आल्या. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मनीची सातव्या वर्गाची पाणबुडी वर ताशीं सुमारें साडेसतरा सागरी मैल जाई, पाण्याखालीं अवघे साडेसात. रडार व विमानें आल्यावर वर राहणें घातक झालें, आणि खालीं वेगानें पळतां येईना. त्या युद्धांत जर्मन पाणबुड्यांवरील दर चार खलाशांपैकीं सुमारें तिघे परत आले नाहींत.

युद्धाच्या अखेरीस जर्मनांनीं एकविसाव्या वर्गांत अंग गुळगुळीत केलें व विद्युत्घट वाढविले; तेव्हां ती पाण्याखालीं सुमारें १७ मैल, म्हणजे वरच्यापेक्षां अधिक, धांवूं लागली. पुढें १९५३ सालीं अमेरिकेनें थेंबाच्या आकाराची ‘आल्बाकोर’ पाण्यांत सोडली. कालांतरानें पाण्याखालीं तिनें ताशीं ३० मैलांहून अधिक वेग गांठला. हॉलंडचा आकार अर्ध्या शतकानंतर पुन्हां मान्य झाला.

मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली व डिसेंबर २०१७ मध्यें आपल्या नौदलांत दाखल झालेली ‘कलवरी’ हिचेंही नाक गोल व शेपूट निमुळतें आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं तिचें चित्र पाहतांना केवळ नाकाशीं थांबूं नये. पाण्यास वाट कशी करून दिली हें पुढें दिसतें. तें पुन्हां शांतपणें कसें मिटलें हें शेपटाकडे पाहिल्याशिवाय कळत नाहीं.