पंखा बदलण्याआधी

पोरी, आधी हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेव, मग पेचकस उचल. बॅटरी 12 व्होल्टची, तिचा शॉक बसत नाही, हे तू आयटीआयमध्ये शिकलीस आणि ते खरंच आहे. पण 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातूची बांगडी आडवी आली, तर बघता बघता ती तापून लाल होते आणि हातातून निघत नाही. भिंतीचा प्लग आधी काढायचा, मग इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करायचं, मग बॅटरीची वायर सोडायची. काळी आधी, लाल नंतर. जोडताना याच्या उलट. बटणाला विसरू नको. लाईन गेली तरी यंत्र बंद नसतं, आतून 230 व्होल्ट तेच तयार करत असतं.

गिऱ्हाईक फोनवर सांगतं, "इन्व्हर्टरचा पंखा खराब झाला, नवीन घेऊन या." नवीन पंखा पिशवीत असू दे, पण लगेच बसवू नको. आधी विचार, नेमकं काय होतं? फिरतच नाही, आवाज करतो, की थांबतच नाही? ही तीन दुखणी वेगळी आहेत.

फिरत नाही म्हणाले, तर दिवस कोणते आहेत ते बघ. पुष्कळशा इन्व्हर्टरांमध्ये हीटसिंकवर एक बारीक थर्मिस्टर चिकटवलेला असतो. हीटसिंक तापल्याशिवाय तो पंख्याला चालू होऊ देत नाही. जानेवारीत आपल्या अकोटात सकाळी काकडायला होतं, तेव्हा घरात दोन दिवे आणि एक टीव्ही चालू असेल तर पंखा फिरणारच नाही, आणि त्याने फिरूही नये. अशा वेळी लाईन बंद करून जास्तीचा लोड टाक, दहा-पंधरा मिनिटं थांब. तरी हलला नाही तर झाकण उघड. चालू यंत्राच्या हीटसिंकला बोट लावून किती तापलं ते बघू नको. काही यंत्रांत त्या ॲल्युमिनियममध्येच करंट खेळत असतो.

पंख्याच्या वायरीची टोपी कार्डावरून काढ. तिथे मल्टीमीटरवर 12 व्होल्ट येत असतील आणि पंखा मुका असेल, तर पंखा गेला. व्होल्ट येत नसतील तर पंख्याला दोष देऊ नको; थर्मिस्टर, त्याची वायर, नाहीतर कार्डावरचा ट्रान्झिस्टर बघ. मी खिशात रिमोटच्या खेळण्यातली चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी ठेवतो. पंख्याची लाल-काळी वायर तिला लावली की चांगला पंखा सावकाश का होईना, फिरतो. दोन बॅटऱ्यांचं यंत्र असेल तर पंख्यावरचं लेबल वाच, तो 24 व्होल्टचा असू शकतो.

आवाजाचं म्हणशील तर घरघर ही बेअरिंगची. मागचा कागदी गोल हलक्या हाताने सोलायचा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा, पुन्हा चिकटवायचा. खोबरेल कधीच घालू नको, ते थिजतं. पण तेल घातलेला पंखा हा उसनवारीवर चाललेला पंखा; पंधरा दिवसांत नवीन बसवू, असं घरच्यांना तिथेच सांग. नवीन घेताना चार पैसे जास्त देऊन बॉल बेअरिंगचा घे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, साध्या बेअरिंगचं तेल त्यात लवकर सुकतं. घरघर नसून टकटक असेल तर पात्याला वायर घासते आहे, किंवा आत पाल मेली आहे.

आता आपल्या भागातली गोष्ट. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की हवेत कापसाचे तंतू तरंगतात. जिनिंगच्या मागच्या गल्लीतल्या एका घरी यंत्र सारखं ट्रिप व्हायचं. पंखा तर मस्त फिरत होता, आवाजही नाही. मी हवा बाहेर पडते त्या जाळीपुढे वहीचा कागद धरला, तो जरासुद्धा हलेना. झाकण काढलं तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये करडी गादी बसलेली, बोटाने ओढली तर अख्खी पट्टी निघाली, घोंगडीच्या काठासारखी. तेव्हापासून फिरणाऱ्या पंख्यावर मी विश्वास ठेवत नाही, कागदावर ठेवतो. ही गादी ब्रशने काढ. ब्लोअर मारलास तर पातं बोटाने धरून ठेव. मोकळं सोडलं तर ते भलत्याच वेगाने गरगरतं आणि चांगलं बेअरिंग तिथेच संपतं.

आणि पंखा थांबतच नाही, या तक्रारीवर सगळ्यात जास्त वेळ दे. एका मास्तरांकडे मी वर्षात तीन पंखे बदलले. चौथ्यांदा गेलो तेव्हा सहज बॅटरीच्या अंगाला हात लावला, तर एका बाजूने ती गरम. हायड्रोमीटर घातला. पाच सेल 1.230 च्या आसपास, तिसरा 1.110. तो सेल मेलेला, म्हणून बॅटरी कधीच भरत नव्हती, म्हणून चार्जर रात्रंदिवस करंट ढकलत होता, म्हणून यंत्र तापत होतं आणि पंखा झिजत होता. बिचाऱ्या मास्तरांनी तीन पंख्यांचे पैसे दिले, आणि दोष पंख्याचा नव्हताच. ते पैसे मी परत केले. तू मात्र पहिल्याच खेपेला सहाही सेल तपास, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघ, टोकांवरचा पांढरा-हिरवा थर साफ कर.

एक चूक माझ्या हातून झाली ती तुझ्या हातून होऊ नये. 2007 च्या सुमारास भारनियमन असं होतं की दिवसाला पाच-सहा घरं करायचो. घाईत एक पंखा उलटा बसवला. फिरत होता, पण गरम हवा बाहेर काढायच्या ऐवजी बाहेरची आत ढकलत होता. आठ दिवसांत मॉसफेट जळाले. चौकटीवर बाण असतो तो बघ. बाण नसेल तर ज्या बाजूला लेबल आणि आडव्या काड्या, त्या बाजूने हवा बाहेर पडते. वायरी उलट जोडून हवेची दिशा बदलत नाही, तसा पंखा फिरतच नाही. पंखाच उलटावा लागतो.

जागेवरून भांडायची वेळ आली तर भांड. नव्या घरांत इन्व्हर्टर जिन्याखालच्या प्लायवूडच्या कपाटात कोंडतात, वर शोभेचा रुमाल टाकतात. मागे आणि बाजूला वीतभर मोकळी जागा हवी. बॅटरीच्या बरोबर वर यंत्र नको, तिची आम्लाची वाफ पंख्यातून थेट कार्डावर जाते. आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून ते कपाट बंद असूच नये. जाळीवर मच्छरदाणीचं कापड लावायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नको, महिन्यात ते कापड बुजतं.

झाकण लावलंस की लगेच निघू नको. लाईन बंद कर, लोड टाक आणि अर्धा तास तिथेच बस. घरचे चहा देतील तो घे, गप्पा मार, पण पंखा कधी चालू झाला आणि लोड काढल्यावर किती वेळाने थांबला, ते घड्याळात बघून वहीत लिही. पुढच्या वर्षी त्याच घरी जाशील तेव्हा ते पान उघडून बस.