डायनो घेण्याआधी गिऱ्हाईक मोजा

नाशिकमध्ये इंजिन कळणाऱ्या माणसांची वाण नाही. सातपूरला महिंद्राचा कारखाना, त्याच वसाहतीत बॉशचा इंजेक्टर-नोझलचा, आणि या सगळ्यांना सुटे भाग पुरवणारी अंबडपर्यंतची लहान-मोठी युनिटं. त्यामुळे नोकरीत दहा-बारा वर्षं काढलेल्या इथल्या प्रत्येक टेस्टिंगवाल्याच्या डोक्यात कधीतरी येतंच, की एक गाळा घ्यावा, डायनो, म्हणजे रोलरवर गाडीची ताकद मोजणारं मशीन, टाकावा आणि रविवारी गाड्या ट्यून कराव्यात. मी आणि माझ्या मित्राने ते केलं. धंदा अजून चालू आहे, पण ज्या कामासाठी काढला ते काम त्यात फारसं उरलेलं नाही.

आधी पैशाचं बोलू, कारण लोक ते शेवटी विचारतात. समजा मशीनचा हप्ता, गाळ्याचं भाडं, वीज आणि एका पोराचा पगार मिळून महिन्याला ८०,००० रुपये जातात आणि एका गाडीच्या मोजणीचे २,००० मिळतात. म्हणजे नुसतं बरोबरीत यायला ४० गाड्या. गाडी रोलरवर चढवायची, पट्टे आवळायचे, टायरची हवा बघायची, इंजिन गरम होऊ द्यायचं, तीन रन घ्यायचे, मधे थंड करायची, उतरवायची. तास सहज जातो. नोकरदाराकडे महिन्याला रविवार चार, फार तर पाच. रविवारी दहा गाड्या ओढल्या तरच गाडं जागेवर राहतं, आणि एवढ्या गाड्या दर रविवारी आपणहून येत नाहीत. ट्यूनिंगचं वेड असलेली पोरं येतात, पण ती एकदा येतात, आकडा मोबाईलवर टिपतात आणि वर्षभर तोच मित्रांना दाखवतात.

आकड्यावरून भांडणंही होतात. थार डिझेल कागदावर १३० च्या आसपास अश्वशक्तीची. तो आकडा इंजिनाच्या क्रँकचा, आणि रोलर मोजतो चाकावरची ताकद. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर यांत दहा ते पंधरा टक्के जातात. पडद्यावर ११२ दिसले की मालक आपल्याकडे चोर असल्यासारखं बघतो. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन इथे मुंबईपेक्षा खरोखरच मवाळ चालतं. सॉफ्टवेअरमध्ये हवामानाची दुरुस्ती असते, ती लावली की आकडा सुधारतो. पण टर्बो इंजिन दाबाची ती तूट बरीचशी स्वतःच भरून काढतं. त्याला तीच दुरुस्ती लावली तर आकडा फुगतो. गिऱ्हाईक खूश, आपण खोटे. असे फुगवलेले कागद घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत, म्हणून सांगतो: रनच्या कागदावर तापमान, दाब आणि कोणती दुरुस्ती लावली ते छापलेलं नसेल, तर त्या कागदाला किंमत नाही.

मशीन जुनं घेत असाल तर कॅलिब्रेशन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ब्रेक लावून भार देणाऱ्या डायनोला एक मीटरचा दांडा जोडून २० किलोचं वजन टांगलं, तर पडद्यावर १९६ न्यूटन-मीटर दिसलं पाहिजे. विकणारा ‘हे कशाला, कंपनीचं सर्टिफिकेट आहे ना’ म्हणाला, की व्यवहार तिथेच थांबवा. आमच्या विकणाऱ्याने हेच म्हटलं होतं.

आता ज्यावर आमचा गाळा टिकला ते. एक टुरिस्टवाला जुनी स्कॉर्पिओ घेऊन आला. म्हणाला, ‘दादा, कसारा घाट चढत नाही, रिमॅप मारून द्या.’ रिमॅप म्हणजे ईसीयूचं, इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, सेटिंग बदलणं. कुणीतरी त्याला ताकद वाढवायचा म्हणून हजारो रुपयांचा बॉक्सही बसवून दिला होता. आम्ही आधी आहे तशी रोलरवर घेतली. चौथा गिअर, पाय पूर्ण खाली. दोन हजार आरपीएमनंतर टॉर्कची रेघ वर जायच्या ऐवजी आडवी पडली आणि मागून काळा धूर. टर्बोचा दाब भरतच नव्हता. पोराने पंखा बंद करून खाली हात घातला, तर इंटरकूलरचा रबरी पाइप खालच्या अंगाने उभा चिरलेला. वरून बघितला तर अगदी ठणठणीत. पाइप बदलला, पुन्हा रन घेतला, रेघ जागेवर. रिमॅपची गरजच नव्हती. मग तोच माणूस आपल्या स्टँडवरच्या गाड्या पाठवू लागला. क्लच घसरतो का, एवढं सांगायलाही डायनो भारी असतो: आरपीएम वर पळतो आणि रोलरचा वेग मागे राहतो, की दोन मिनिटांत निकाल. गॅरेजवाल्यांना हेच हवं असतं. गिऱ्हाईक म्हणतं पिकअप नाही, मिस्त्री म्हणतो आहे. तिसऱ्याने मोजून सांगावं.

ट्यूनिंगच्या धंद्याला कायद्याची वेसणही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आला, आणि तो चोंदला की ‘काढून टाका, ईसीयूतून बंद करा’ म्हणणारे रांगेने येऊ लागले. पैसा याच कामात सगळ्यात जास्त आहे, आणि तेच करू नये. गाडीची वॉरंटी जाते, अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती कारण मिळतं, आणि धूर गावाने खायचा. शर्यतीच्या, रस्त्यावर न येणाऱ्या गाड्यांचं ट्यूनिंग मोकळेपणाने करता येतं, पण तशा गाड्या नाशिकमध्ये किती?

जागेबद्दल थोडक्यात. निवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल; फुल थ्रॉटलला गाडी त्याच्या कितीतरी वर जाते. पाथर्डी फाट्याकडे स्वस्तात मिळतो म्हणून वस्तीला लागून गाळा घेऊ नका, औद्योगिक वसाहतीतच घ्या. तिथेही मर्यादा ७५ आहे, तेव्हा भिंतींना आवाज शोषणारं अस्तर लागणारच. थ्री फेजचा मंजूर भार आधी बघा. सायलेन्सरचा धूर बाहेर फेकणारा पाइप आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर शटर पाडून रन घेऊ नका. पावसाळ्यात हा मोह होतो. रिमोल्ड टायरची गाडी रोलरवर चढवूच नका.

आणि नोकरी. बहुतेक कंपन्यांच्या सेवाशर्तींत दुसऱ्या धंद्याला लेखी परवानगी लागते. बायकोच्या नावावर गाळा काढून हा प्रश्न सुटतो असं समजणारे खूप आहेत. कंपनी वाहन उद्योगातली असेल तर तो सुटत नाही, उलट वाढतो. परवानगी मागा, नकार आला तर नोकरी की रोलर, हे मशीन येण्याआधी ठरवा.

ज्यांना तरीही उतरायचंय त्यांनी पहिलं वर्ष दुसऱ्याच्या डायनोवर तास भाड्याने घेऊन काम करावं, मग त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी चालेल. त्या वर्षात मुंबई नाक्यापासून आडगावपर्यंतच्या गॅरेजवाल्यांना भेटा आणि विचारा, महिन्याला किती गाड्या नुसत्या मोजायला पाठवाल. ते सांगतील तो आकडा लिहून घ्या, निम्मा करा, आणि त्यावर हप्ता निघत असेल तरच ॲडव्हान्स द्या.