घाम वाळत नाही तेव्हा

१६ एप्रिल २०२३, रविवार. खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं सकाळपासून उन्हात बसली होती, आणि त्यांपैकी १४ जणांचा उष्माघातानं मृत्यू झाला. पारा त्या दिवशी ३८ अंशांच्या आसपास होता. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी एक्सप्रेस वेच्या पुण्याकडच्या टोकाला, किवळ्याजवळ, वादळी वारं सुटलं. पावसाच्या आडोशाला थांबलेल्या माणसांवर लोखंडी होर्डिंग कोसळलं आणि पाच जण दगावले. या दोन गावांच्या मधोमध आपला मावळ आहे. एक दुर्घटना उन्हात घडली आणि दुसरी पावसात, म्हणून आपण त्या वेगवेगळ्या खात्यांत टाकतो. डॉक्टर म्हणून मला त्या एकाच हवेच्या वाटतात.

चैत्र-वैशाखात मी एक वाक्य फार ऐकतो : ‘लोणावळ्यात कसलं आलंय ऊन?’ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून जास्त उंची, समोर घाट, संध्याकाळी वारा. पारा विदर्भासारखा ४५ वर जात नाही, हे खरंच आहे. हवामान खातंही मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार पारा ४० ला पोचल्यावर करतं आणि किनारपट्टीवर ३७ ला. त्यामुळे पारा ३५-३६ वर असला की मावळातला माणूस निर्धास्त कामाला लागतो. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे पाऱ्याच्या आकड्यावर विसंबू नका. अंगावरचा घाम वाळतोय की नुसताच ओघळतोय, हे बघा.

शरीर गार राहण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घामाची वाफ होणं. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम धार होऊन जमिनीवर टपकला तर पाणी आणि मीठ गेलं, गारवा मात्र काहीच मिळाला नाही. घरातला माठ याच नियमानं चालतो. ज्या दिवशी माठातलं पाणी म्हणावं तसं गार होत नाही, त्या दिवशी तुमचं अंगही गार होणार नाही, आणि ही खूण मोबाइलवरच्या आकड्यापेक्षा मला जास्त भरवशाची वाटते. ३४ अंश तापमानाला हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर शरीराला ३४ च जाणवतात. आर्द्रता ६० टक्के झाली की तीच हवा ४२ अंशांसारखी जाणवते. हा हिशेब सावलीतल्या माणसाचा आहे. भर उन्हात त्यात आणखी सात-आठ अंशांची भर पडू शकते.

एप्रिलच्या मध्यापासून आपल्याकडे हेच होतं. घाटाखालून समुद्राची दमट हवा दुपारी वर चढते, आभाळात मळभ येतं, पान हलत नाही. पारा कालच्यापेक्षा एखाद्या अंशानं उतरलेलाही असतो, आणि दवाखान्यात चक्कर, पायात गोळे, मळमळ, डोकं ठणकणं अशा तक्रारी घेऊन माणसं येऊ लागतात.

यात सगळ्यांचा धोका सारखा नसतो. तळेगावच्या फुलांच्या पॉलिहाऊसमध्ये काम करणाऱ्या बाया माझ्या डोळ्यांसमोर पहिल्या येतात. गुलाबासाठी आत दमटपणा मुद्दाम राखलेला असतो, वारा नसतो, आणि बाहेर फारसं ऊन नसलं तरी आत घाम वाळायला वावच नसतो. वीटभट्टीवर राबणारी कातकरी कुटुंबं आहेत, त्यांच्या अंगावर सूर्य आणि भट्टी दोन्हीकडून आग येते. भाताचे राब भाजणारा शेतकरी आहे. पत्र्याच्या शेडखाली मशीन चालवणारा कामगार आहे, त्यातही कामावर नवा आलेला. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्शाइतकंच काम उन्हात द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं, असा कामगार-आरोग्याचा नियम आहे. मावळातल्या ठेकेदारांनी आणि सुपरवायझरांनी तो पाळावा, असं मी कळकळीनं सांगतो. सुट्टीवरून परतलेल्या जुन्या कामगाराचंही काम टप्प्याटप्प्यानंच वाढवावं, फक्त त्याची सवय जरा लवकर परत येते, म्हणून त्याचे टप्पे मोठे ठेवता येतात.

चैत्रात एकवीरा आईच्या यात्रेला कोकणपट्टीतून कोळी-आगरी बांधव पालख्या घेऊन चालत येतात. रात्रभर चालणं, अपुरी झोप, काहींचा उपास, आणि दिवस वर आल्यावर कार्ल्याचा डोंगर चढणं. पायऱ्या चढताना बोलायला धाप लागली तर थांबा. दर्शन सकाळी नऊच्या आत किंवा ऊन कलल्यावर घ्या. लोहगड, विसापूर, राजमाची करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलांनाही हेच सांगेन, आणि एक जास्तीचं : आठवडाभर एसीत बसलेलं शरीर रविवारी सकाळी अकराला गडाच्या दरवाजात उन्हाला नवखंच असतं. शनिवार-रविवारी खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग लागली की मूल झोपलंय म्हणून त्याला बंद गाडीत ठेवून खाली उतरू नका. उन्हातल्या बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढतं, आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.

आता ओळखायचं कसं? घाम भरपूर, अंग गार-ओलसर, चक्कर, गळून जाणं, पण माणूस शुद्धीवर आणि नीट बोलतोय, ही उष्माघाताच्या आधीची पायरी. सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, घोट घोट पाणी आणि मीठ-साखर द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना. पण माणूस बरळायला लागला, चिडखोर झाला, पाय लटपटले, झटका आला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. त्वचा कोरडीच हवी असा गैरसमज फार पसरलाय. कष्टाचं काम करताना ज्याला उष्माघात होतो, तो घामानं निथळत असू शकतो. शरीराच्या आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना इजा होऊ लागलेली असते. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. आधी गार करा, मग हलवा. हौद, टब, बोअरचा पाइप, जे असेल त्यानं अंगावर सतत पाणी, वारा घाला, बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत. पॅरासिटामॉल देऊ नका, हा तापाचा आजार नाही, गोळीनं उतरत नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. खिशात कांदा ठेवण्याला माझी हरकत नाही, फक्त त्याच्या भरवशावर टोपी, पाणी आणि सावली सोडू नका.

पिण्याबद्दल. दोन-तीन तासांत नुसतं पाणी चार-पाच लिटर पिणं हेही घातक असतं, रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस गोंधळल्यासारखा होतो. मीठ घातलेलं ताक, पन्हं, कोकम सरबत, पेज, सगळं उत्तम. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. एक लिटरची पुडी एका पेल्यात कालवलेली मी पाहतो, त्यानं जुलाब वाढतात. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नावात ओआरएस लिहिलेली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली, तरी जुना माल दिसलाच तर घेऊ नका. मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी मीठ-पाण्याचं प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. लघवी गडद पिवळी होऊ देऊ नका, हा सगळ्यांसाठी सोपा मापदंड.

रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी औषधं, मानसिक आजारावरची काही औषधं आणि सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या घाम, रक्तदाब किंवा पाण्याचा समतोल बिघडवतात. त्या स्वतःहून बंद करू नका. मे महिना लागण्याआधी एकदा दाखवून डोस तपासून घ्या. घाम गाळून आल्यावर अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी रिकाम्यापोटी घ्यायची सवय मात्र आजच सोडा. पाणी कमी झालेल्या शरीरात तिनं मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतात.

आता वळवाकडे. जी दमट हवा घाम वाळू देत नाही, तीच तापलेल्या जमिनीवरून वर चढून बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा करते. असा एक ढग काही किलोमीटर रुंद असतो आणि बहुधा तासाभरात विरतो. म्हणून कामशेतला गारा पडतात आणि वडगावला थेंब नसतो. जिल्ह्यासाठी इशारा देता येतो, तुमच्या शिवारावर चार वाजता की सहा वाजता हे आदल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. इशारा खोटा ठरला असं म्हणून पुढच्या वेळी दुर्लक्ष करणं हा यातला सगळ्यात वाईट धडा आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते फोनमध्ये जरूर ठेवा. ते नसलं तरी कान आहेतच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर पुरा अर्धा तास बाहेर पडू नका.

२०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं गेल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. झाडाखाली उभं राहणं हे अजूनही मोठं कारण आहे. झाडावर पडलेली वीज बाजूच्या माणसावर उडी घेते, आणि ओल्या जमिनीतूनही पसरते. लोहगडाच्या विंचूकाट्यावर, नागफणीवर, टायगर पॉइंटच्या कड्यावर असाल तर फोटो काढत थांबू नका, खाली उतरा. पवना धरणाच्या काठावर तंबू ठोकून राहणाऱ्यांना सांगतो : तंबू म्हणजे निवारा नव्हे. कापड आणि दांड्या विजेपासून वाचवत नाहीत, आणि काठ उघडा असतो. तंबूंचा धंदा करणाऱ्यांनी दर मुक्कामाला पक्क्या छताची जागा कुठे आहे ते पाहुण्यांना आधी दाखवून ठेवावं. होर्डिंग, पत्र्याचं शेड, जुनी भिंत यांच्या आडोशाला कधीही थांबू नये. किवळ्यानंतर तरी हे पटायला हवं.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका, घाबरण्यात जाणारी मिनिटंच त्याचा जीव घेतात. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब द्या, आणि शिकलेलं असेल तर तीस दाबांमागे दोन श्वास. विजेनं थांबलेलं हृदय कधी कधी आपोआप सुरू होतं, पण श्वास सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून हे श्वास इथे फार मोलाचे आहेत. अनेकांना वीज लागली असेल तर जो निपचित पडलाय त्याच्याकडे आधी धावा. जो कण्हतोय तो बहुधा वाचतो.

पाऊस येऊन गेला की हवा काही मिनिटांत आठ-दहा अंशांनी उतरते आणि सगळे सुटलो म्हणतात. तासाभरानं ऊन परत आलं तर ओल्या जमिनीची वाफ उठते आणि दमटपणा सकाळपेक्षा वाढतो. तेव्हा घाईनं अर्धवट राहिलेलं काम पुरं करू नका. दमेकऱ्यांना वादळाच्या तोंडावर त्रास वाढू शकतो, कारण वारं धूळ आणि परागकण खाली आणून सोडतं. मेलबर्नला २१ नोव्हेंबर २०१६ च्या एका वादळानंतर हजारो जणांना एकाच संध्याकाळी दम्याचा झटका आला आणि दहा जण दगावले. वादळाआधी खिडक्या लावून घ्या, पंप हाताशी ठेवा.

वादळानं तारा तुटल्या की गावात रात्रभर वीज नसते. पंखे बंद, भिंती दिवसभर तापलेल्या, डासांमुळे दारं लावलेली. एकटे राहणारे आजी-आजोबा कुठे असतील तर झोपण्याआधी एक चक्कर टाका. ओल्या फडक्यानं हात-मान पुसून द्या, घरात असेल ते ताक-सरबत समोर बसून पाजा. आज कुठला वार, जेवायला काय होतं, एवढं विचारा. उत्तरं धड आली नाहीत तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.