घरगुती प्रिंटर : इंकजेट की लेसर?

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क प्राप्त झाला. पुढे या वनप्रदेशातील अनेक ग्रामसभांवर ठराव, हिशेब व नोंदी जतन करण्याची जबाबदारी आली. दुर्गम गावांतील शिक्षक व पंचायत सदस्य यांना एका छापील पानासाठीही तालुक्याचे ठिकाण गाठावे लागते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याचे वर्षानुवर्षे अनुभवास आले आहे. अशा स्थितीत घरी प्रिंटर असणे ही चैन नव्हे. मात्र निवड विचारपूर्वक व्हावी.

रचनेतील फरक

इंकजेट यंत्र सूक्ष्म छिद्रांतून कागदावर शाईचे थेंब सोडते. लेसर यंत्रात प्रकाशकिरणाने ड्रमवर अक्षरांची विद्युतभारित प्रतिमा उमटते. तिला टोनर ही भुकटी चिकटते व उष्णतेने कागदावर पक्की बसते. पुढील सर्व गुणदोष या फरकातून उद्भवतात.

निवडीच्या कसोट्या

वापर : चंद्रपूरच्या कडक उन्हाळ्यात इंकजेट यंत्र कित्येक आठवडे बंद राहिल्यास छिद्रांतील शाई सुकते आणि ती साफ करण्यातच बरीच शाई खर्ची पडते. टोनर सुकत नाही.

टिकाऊपणा : रंगद्रावणाची शाई ओलाव्याने पसरते. टोनरची अक्षरे पाण्याने पुसली जात नाहीत. म्हणून जपून ठेवावयाच्या ठरावांसाठी लेसर उचित होय.

वीज : लेसर यंत्र कागद तापविताना काही क्षण शेकडो वॅट वीज ओढते. लहान इन्व्हर्टरला हा भार पेलत नाही. इंकजेटला थोडीच वीज पुरते.

खर्च : शाई वा टोनरच्या किमतीस पानांच्या संख्येने भागावे. समजा, ६०० रुपयांच्या टोनरवर १,२०० पाने निघतात. तर दर पानी ५० पैसे पडतात. ४०० रुपयांच्या शाईत ४,००० पाने निघाल्यास तोच खर्च १० पैसे येतो. शाईची टाकी असलेली इंकजेट यंत्रे नित्य वापरात स्वस्त पडतात, ती यामुळेच.

निष्कर्ष

वीज भरवशाची, छपाई अधूनमधून आणि कागद अभिलेखाचा असेल, तर काळ्या छपाईचे लेसर यंत्र घ्यावे. इन्व्हर्टरवर भिस्त असल्यास किंवा विद्यार्थ्यांसाठी रंगीत पाने नित्य काढावयाची असल्यास टाकीचे इंकजेट घ्यावे व आठवड्यातून एक तरी पान छापावे. यंत्र कोणतेही असो, पावसाळ्यात कोरा कागद बंद पिशवीत ठेवावा. दमट कागद यंत्रात अडकतो. खरेदीपूर्वी शाई, टोनर व दुरुस्ती जवळ कोठे मिळेल याची चौकशी करणे हिताचे ठरेल.