जुन्या अवजारांचें नवें जीवन

अवजार मोडलें म्हणजे त्याची किंमत तराजूवर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे, हें आम्ही डेव्हिड स्मिथ या अमेरिकन शिल्पकाराच्या उदाहरणानें पाहणार आहों.

स्मिथ यांचा जन्म इ. स. १९०६ मध्यें इंडियाना प्रांतांत झाला. त्यांच्या पूर्वजांत एक लोहार होते. १९२५ सालीं मोटारीच्या कारखान्यांत व पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत रेल्वे इंजिनांच्या कारखान्यांत त्यांनीं काम केलें. शिल्पकार म्हणजे दगड फोडणारा किंवा माती मळणारा, ही रूढ कल्पना. स्मिथ मात्र कामगाराप्रमाणें लोखंड कापून व जोडून शिल्पें करूं लागले. १९५१ सालीं आरंभिलेल्या मालिकेस त्यांनीं 'अग्रिकोला', म्हणजे लॅटिन भाषेंत 'शेतकरी', असें नांव दिलें. कारण तींत जुन्या शेतकी अवजारांचे भाग जोडलेले होते.

१९६२ सालीं इटालियन सरकारच्या निमंत्रणावरून ते जिनोआजवळील व्होल्ट्री येथें गेले. तेथील बंद पडलेल्या पोलादाच्या कारखान्यांत सांडश्या, चाकें व लोखंडाचे तुकडे पडून होते. एक-दोन शिल्पांची अपेक्षा असतां, कामगारांच्या साहाय्यानें त्यांनीं ३० दिवसांत २७ शिल्पें पुरीं केलीं! तीं स्पोलेटो येथील उत्सवांत मांडलीं गेलीं. पुढें तेथील कित्येक अवजारें अमेरिकेस आणवून त्यांनीं दुसरी मालिका रचिली.

मग भंगाराचा ढीग व शिल्प यांत भेद कोणता? निवड आणि मांडणी, हाच. लोहाराची सांडशी उभी करून पाहा. तिच्या दोन दांड्या पाय भासतात, खिळ्याची जागा कंबर होते. तरीहि ती सांडशी आहे, हें डोळ्यांआड होत नाहीं. अवजाराची ओळख न पुसतां त्यास नवा अर्थ देणें, हें या कलेचें मर्म होय.

विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग करूं जातां प्रथम कांहींच जोडूं नये. अवजारें जमिनीवर मांडावीं, फिरवावीं, दोहोंमधील रिकामी जागाहि पाहावी, मग चित्र काढावें. तोल साधल्यावर तारेनें वा बोल्टानें बांधावें. वेल्डिंग जाणत्या कारागिराकडूनच करवावें. जस्ताचा मुलामा दिलेलें लोखंड तापविल्यास अपायकारक धूर निघतो, आणि ओतीव लोखंड निष्काळजीपणें जोडल्यास तडकतें, हें ध्यानांत असावें.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. आजोबांचा रंधा किंवा वाकस माळ्यावर असल्यास, मुलास तो देण्यापूर्वीं त्यानें कोणतें काम होई व कोणाच्या हातानें त्याची मूठ झिजली, हें सांगावें. अवजार अद्याप चालत असेल तर तें कारागिराच्या हातीं जावें. दुर्मिळ असेल तर जपावें. मोडलेलें असेल तरच त्याचें शिल्प व्हावें. हाताच्या कामाची लाज घरांत शिरली कीं अवजारांचीं नांवें प्रथम विसरलीं जातात. आणि नांव विसरलेलें अवजार मात्र खरोखरच भंगार होतें.